फाटक आधी उचलायचं, मग ढकलायचं

लास पाताग्वास
ईस्टरनंतरचा बुधवार

प्रिय मिनो,

हसू नकोस. कालव्याच्या या काठावरून त्या काठावर कोणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. माझ्या खिडकीतून तुझ्या चुलीचा धूर दिसतो, तू घोडीला शीळ घालतोस ती ऐकू येते, रोज सकाळी माझं ते खचलेलं फाटक उचलून ढकलत तू दूध घेऊन येतोस, आणि तरी ही बाई कागद-पेन घेऊन बसलीय. पण करणार काय? तुझ्याशी द्राक्षांचं बोलावं, हवापाण्याचं बोलावं, शेजारच्या होविताच्या नवऱ्याच्या घोरण्याचं बोलावं, तू तासभर बसतोस. देवाचं नाव निघालं की टोपी उचलतोस. एलिसेओचं नाव निघालं की टोपी माझ्या टेबलावर विसरून निघतोस. आता हा कागद तुझ्या हातात आहे. अर्ध्यावर टाकून गेलास तरी परत येशील तेव्हा तो तिथंच पडलेला असेल. मी तुझी मोठी बहीण आहे आणि तुझ्याहून हट्टी आहे, हे तुला मी सांगायला नको.

सरळच सांगते. येत्या रविवारी क्वासिमोदो आहे, ख्रिस्तशरीराची भाकर आजाऱ्यांच्या दारोदारी न्यायचा दिवस, आणि यंदा तू तुझ्या घोडीवर, कानेलावर, खोगीर घालून बग्गीच्या पुढं निघावंस, अशी माझी इच्छा आहे. झालं, लिहून टाकलं. हवं तर अंगणात एक चक्कर मारून ये, चुलीत लाकूड सार, आणि राग निवला की पुढं वाच.

गावात काय गंमत झाली ते तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तू देवळाच्या पायरीला शिवत नाहीस. फादर इसिद्रो नवे आहेत, सान्तियागोत वाढलेले. घोडा नुसता फुरफुरला तरी त्यांना घाम फुटतो. ईस्टरच्या मिस्सेनंतर ते म्हणाले, "एवढे घोडे, एवढी बग्गी, कशाला हा सगळा व्याप? माझी जीप आहे. सकाळी निघालो तर जेवणाच्या आत सगळ्या आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर पोचवून होईल." तर म्हातारा नोल्बेर्तो म्हणाला, "फादर, पिझ्झा पोचवायचा असता तर जीपच बरी. इथं राजा यायचाय." बिचारे फादर कानापर्यंत लाल झाले! पण माणूस चांगला आहे, स्वतःच हसत सुटला. तेव्हा बग्गीच निघणार आहे, पुढं घंटा वाजणार आहे, पोरांनी सायकलींना पांढरे-पिवळे कागद गुंडाळायला सुरुवात केलीय. घोडं पेंड खातंय ते एवढ्यावरच, की सगळ्यांच्या पुढं कोण राहणार? नोल्बेर्तोचा घोडा चावरा आहे, आणि बाकीच्यांना रस्ता ठाऊक असला तरी घोड्यांचा कळप सांभाळायचं भान नाही. म्हणून जो तो माझ्याकडं येतो. "क्लोरिंदामावशी, मिनोकाका यंदा तरी...?" मी म्हणते, मला काय विचारता, तो काय माझ्या पदराला बांधलाय? पण जाताना सगळे तुझ्या तबेल्याकडं बघत बघत जातात.

आणि बघण्यासारखं असतंच की तिथं. देवाशी अबोला आहे म्हणतोस, मग दर शनिवारी घोडीला तो खरारा कुणासाठी करतोस रे? म्हातारी झाली ती, पण तिची आयाळ माझ्या केसांपेक्षा चांगली आहे. उपवासकाळात तू तिला नवे नाल ठोकून घेतलेस, तेही मला इथं पलंगावर ऐकू आलं. शेतातून भोपळे आणायला नवे नाल लागत नाहीत, मिनो.

हो, पलंगावर. यंदा सगळ्या स्वारांचे शेले मी पलंगावर बसूनच शिवले. गुडघा म्हणते ना मी तुला, त्यामुळं. होविता दोरे ओवून देते आणि मी शेल्यावरच्या पवित्र प्याल्याच्या चित्रावर सोनेरी टाके घालते. सुई हातात असली की मन फार मागं जातं. परवा मला सिस्टर उर्सुलाची शिकवणी आठवली. आपण सगळे बाकावर ओळीनं, तुझे पाय जमिनीला पोचत नव्हते. सिस्टर सांगत होत्या की देवावर प्रेम करायचं ते अख्ख्या मनानं, अख्ख्या जिवानं, डोकं आणि अंगातलं बळ सगळं लावून, उरलंसुरलं नव्हे. तू हात वर केलास आणि विचारलंस, "सगळं त्यालाच दिलं तर घोड्याला काय उरेल?" सगळी पोरं खो खो हसली. सिस्टरनं तुला दाराबाहेर उभं केलं. घरी येऊन तू आईच्या पोटाला मिठी मारून रडलास, तिचे हात कणकेनं भरलेले, म्हणून तिनं कोपरानंच तुझं डोकं कुरवाळलं. म्हणाली, "अरे वेड्या, देवाला दिलेलं मन तो खुंटीला टांगून ठेवत नाही. लगेच तुझ्या हातात परत देतो आणि म्हणतो, जा, आधी घोड्याला पाणी दाखव." तू डोळे पुसलेस आणि खरंच जाऊन घोड्याला पाणी पाजून आलास.

मला वाटतं त्या दिवशी तुला जे कळलं ते आम्हा कुणालाच तेवढं कळलं नाही. तू वेगळी प्रार्थना कधी केली नाहीस. नांगर धरलास तर सगळ्या मनानं, तुझ्या ओतिलियावर प्रेम केलंस तर सगळ्या मनानं, आणि ती गेल्यावर त्या तान्ह्या एलिसेओला छातीशी धरून रात्र रात्र येरझाऱ्या घातल्यास त्याही सगळ्या मनानंच. क्वासिमोदोच्या सकाळी तू डोक्यावरची टोपी काढून ठेवायचास, पांढरा रुमाल बांधायचास, आणि घंटा झाली की तुझा चेहरा असा व्हायचा की मला बघवायचं नाही. देवाच्या समोर टोपी घालत नाहीत एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तू मात्र खरोखर कुणाच्यातरी पुढं चाललायस असा दिसायचास. एलिसेओ बारा वर्षांचा झाल्यावर मी त्याला पहिला शेला शिवला. त्यानं आरशात बघितलं आणि म्हणाला, "आत्या, मी बाबासारखा दिसतो का गं?" तू मागं उभा होतास. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू म्हणालास, कांद्याचा वास येतोय. घरात कांदा नव्हता.

मग तो आजारी पडला. आता मी लिहिणार आहे ते वाच, टोपी शोधू नकोस. त्याच्या रक्तात दोष होता, डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, पण तू अशक्तपणा म्हणायचास. गावठी कोंबडी खायला घातली की भरून येईल म्हणायचास. क्वासिमोदोच्या आदल्या दिवशी मी तुझ्या फाटकाला कमान बांधली. झावळ्या, पांढरी-पिवळी कागदाची फुलं, सगळी माझ्या हातची. कमान म्हणजे काय ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं: या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, बग्गी इथं थांबवा. तू शेतातून आलास, कमान बघितलीस, आणि ती उतरवायला लागलास. मी हात धरला तेव्हा म्हणालास, "क्लोरिंदा, कमानी त्यांच्या दारात लावतात जे उठणार नाहीत. माझा मुलगा पुढच्या वर्षी माझ्या शेजारी घोड्यावर असेल." बापानं तसं म्हटल्यावर आत्यानं कमानीसाठी भांडायचं का?

दुसऱ्या दिवशी बग्गी आली. मी आत एलिसेओजवळ होते. त्यानं सकाळपासून शेला अंगावर घेतला होता, खुर्ची खिडकीशी ओढून घेतली होती. तू सगळ्यांच्या पुढं होतास. तुझ्या फाटकाशी येताच बग्गीचा वेग मंदावला, तेव्हाच्या फादरनी मान बाहेर काढून तुझ्याकडं बघितलं. त्यांनाही ठाऊक होतं, गावालाच ठाऊक होतं. आणि तू हात हलवून म्हणालास, "पुढं चला." बग्गी पुढं गेली. तो गेला जूनमध्ये, सान्तियागोच्या इस्पितळात, आणि तिथले फादर खाटेशी आले तेव्हा त्याची शुद्ध हरपलेली होती. त्यांनी त्याच्या कपाळाला तेल लावलं, पण ख्रिस्तशरीर त्याच्या तोंडात घालता आलं नाही. तू ते बघत उभा होतास. त्या दिवसापासून तू म्हणतोस की देव तुझ्या दारावरून न थांबता गेला. मिनो, माझ्या राजा, वड्याचं तेल वांग्यावर काढतोयस तू. हे तुलाही ठाऊक आहे. म्हणूनच तू मला कधी पुढं बोलू देत नाहीस.

पण पुढं काय आहे ते तुला ठाऊक नाही. जेव्हा जेव्हा सांगायला लागले तेव्हा तेव्हा तू उठलास. तर ऐक. बग्गी पुढं गेली तेव्हा मी रडायला लागले. एलिसेओ नाही रडला. थंडी वाजते म्हणून त्यानं लोकरीची टोपी घातली होती, ती त्यानं घंटेचा आवाज ऐकताच काढली होती, ती अजून मांडीवर होती. तो हसून म्हणाला, "बघितलंस आत्या, बाबानं देवालासुद्धा पुढं हाकललं. त्याला ओरडू नकोस हं. तो घाबरलाय. आणि देव काय, परत येईल, त्याला आपलं घर ठाऊक आहे. फक्त पुढच्या वेळी फाटक बाबालाच उघडायला सांग." एवढं बोलून त्यानं सूप मागितलं, आणि त्या दिवशी त्यानं वाटीभर सूप संपवलं, जे तो कित्येक दिवस संपवत नव्हता. हे मी तुझं मन राखायला रचलेलं नाही. मला रचता आलं असतं तर याहून चांगलं रचलं असतं.

तू मला एकदाच खरं उत्तर दिलं होतंस, गेल्या वर्षी, कालव्यातला गाळ काढताना. मी म्हटलं, बस की रे घोडीवर, किती वर्षं झाली. तू फावडं खाली ठेवलंस आणि म्हणालास, "अख्ख्या मनानं, असं आपल्याला शिकवलंय ना? माझ्याकडं अर्धंच आहे. अर्धं रागावलेलं आहे. ते घेऊन मी त्याच्यापुढं चाललो तर ते ढोंग होईल, आणि मी ढोंगी नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुझा मोठेपणाच वाटला, खरं सांगते. निम्मं गाव रविवारी गुडघे टेकतं आणि सोमवारी शेजाऱ्याचं पाणी वळवतं. तू तसलं काही कधी केलं नाहीस. तू देवाला खोटं नाणं द्यायला तयार नव्हतास.

पण यंदा अंगणातल्या झाडाला मेंब्रियो पिकले, आणि मला उत्तर सापडलं. झाडाखाली जाणं आता माझ्यानं होत नाही, म्हणून होवितानं टोपलीभर आणून दिले आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही बसून सांगा, जेली मी करते." मी सांगत गेले, ती करत गेली. तिनं फळं सोलली, गाभा कोरला, बिया वेचून काढल्या आणि सगळा कचरा कोंबड्यांना टाकायला निघाली. मी ओरडलेच, "अगं बये, थांब! ते फडक्यात बांध आणि पातेल्यात सोड. साली आणि बियाच जेलीला घट्ट धरतात. नुसता गोड गर घेतलास तर वर्षभर ढवळत बसशील, पाणीच राहील." आणि ते बोलता बोलता मी गप्प झाले. होविताला वाटलं मला कळ आली. कळ नव्हती. मला तू दिसत होतास, फावडं घेऊन उभा राहिलेला.

आपण जन्मभर चुकीचं समजलो, मिनो. अख्खं मन म्हणजे सोलून, कोरून, धुऊन पुसून आणलेलं मन, असं आपल्याला वाटलं. तसलं मन कुणाजवळ असतं? अख्खं म्हणजे अख्खं, सालीसकट, बियांसकट, कडू गाभ्यासकट. तू तुझा राग बाजूला काढून ठेवलास, चांगला अर्धा भाग द्यावा तर तो पुरेना, म्हणून काहीच दिलं नाहीस. अरे, त्याला तो राग दे की! त्याच्यापुढं घोडी हाकताना मनातल्या मनात हवं तेवढं भांड. म्हण, माझा पोरगा का नेलास. म्हण, मी चुकलो तेव्हा तू माझं का ऐकलंस, बग्गी का थांबवली नाहीस. हे सगळं तू दर शनिवारी तबेल्यात कानेलाला सांगतोसच, खरारा करताना ओठ हलत असतात तुझे, मला इथून दिसतात. ते ज्याचं त्याला सांग. प्रेम नसतं तर एवढी वर्षं कोणी कुणावर रागावून राहतं का? विसरून गेला असतास. फादर इसिद्रोंना मी हे विचारलं, कारण मी काही शिकलेली बाई नाही, उगाच तुला भलतं शिकवायला नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "क्लोरिंदाबाई, हे मी रविवारी सांगू का?" मी म्हटलं, सांगा, पण मेंब्रियोचं नाव घेऊ नका, होविता स्वतःला शहाणी समजायला लागेल.

या पत्राबरोबर होविता एक गाठोडंही देईल. त्यात तुझा शेला आहे. दाराआडच्या खुंटीला इतकी वर्षं टांगलेला होता आणि तू तिकडं बघत नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून उपवासकाळ सुरू झाला तेव्हाच मी तिला पाठवून तो काढून आणवला. चोरी म्हण. कसरीनं प्याल्याची एक बाजू खाल्ली होती. ती बाजू मी एलिसेओच्या शेल्यातले सोनेरी दोरे उसवून भरली. रंग किंचित वेगळा दिसतो, जवळून बघितलं तर कळेल. लांबून कळत नाही. पांढरा रुमाल धुऊन इस्त्री केलाय, तोही त्यातच आहे.

आणि आता गुडघ्याचं. गुडघा नाही रे, मिनो. मागच्या महिन्यात होविताबरोबर सान्तियागोला गेले ती चष्म्यासाठी नव्हे. पोटात गाठ आहे, आणि ती आता काढण्यासारखी राहिलेली नाही. डॉक्टर तरुण होता, सांगताना मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. थंडी निघाली तर निघाली, म्हणाला. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, हवं तेवढं घाबर, पण माझी कमान उतरवू नकोस. शनिवारी दुपारी होविता ती माझ्या फाटकाला बांधणार आहे, फुलं मी केली आहेत. रविवारी बग्गी माझ्या दाराशी थांबेल, मी खिडकीशी बसलेली असेन, आणि कुणीतरी पुढं येऊन फाटक उघडायला हवं. पोरानं सांगितलं होतं ना, बाबालाच उघडायला सांग. त्याचं राहून गेलं, माझं तरी राहू देऊ नकोस. शिवाय त्या फाटकाची बिजागरी तू दर वर्षी नीट करतो म्हणतोस आणि करत नाहीस. ते आधी उचलावं लागतं आणि मग ढकलावं लागतं, हे तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. फादर बिचारे ते ओढत बसतील आणि देव माझ्या दाराबाहेर उन्हात ताटकळत राहील.

तुझीच, आणि तुझ्याआधी या घरात रांगलेली,
क्लोरिंदा